स्लिट बीम प्रोफाइलर: सात महिने, एक जळालेली स्लिट, आणि तरीही विकणार नाही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं मार्किंगचं छोटं वर्कशॉप आहे. 20 वॅटचा पल्स फायबर लेझर, स्टीलच्या पार्टवर नंबर आणि बारकोड. मार्किंग एका बाजूला फिकं यायला लागलं म्हणून डिसेंबरमध्ये फिरत्या ड्रमचा स्लिट प्रोफाइलर घेतला. ड्रमवरच्या अरुंद फटी (स्लिट) बीमसमोरून नेऊन हे यंत्र बीमची रुंदी आणि आकार एक्स आणि वाय अशा दोन दिशांत मोजतं. स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, मला स्लिटबद्दलच बोलायचंय.

पहिले तीन महिने एकदम खूश होतो. लेन्सच्या आधीचा 7 मिलिमीटरचा बीम थेट मोजला, कॉलिमेटर (बीम समांतर करणारी लेन्स) जरासा सरकवला, फिकेपणा गेला. तेव्हा लिहिलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मार्चमध्ये फोकसवरचा ठिपका बघावासा वाटला. विकणाऱ्याला विचारलं. "साहेब, 20 वॅट म्हणजे काहीच नाही. ड्रम फिरतोय ना, उष्णता एका जागी साचतच नाही." लावला. आकडा आला 52 मायक्रॉन. पुढच्या काही मोजण्यांत तो 61 वर गेला आणि एक्सच्या आलेखात कडेला उंचवटा दिसू लागला. लेझर बिघडला समजून एफ-थीटा लेन्स (बीम पार्टवर फोकस करणारी) बदलली. ते पैसे पाण्यात गेले. मग प्रोफाइलरच 90 अंशांत वळवून लावला, तर उंचवटा बीमसोबत राहिला नाही, एक्स स्लिटसोबत फिरला. टूलरूमच्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर स्लिटच्या कडेवर वितळून गोठलेला थेंब.

हिशेब मी आधी करायला हवा होता. 50 मायक्रॉनच्या ठिपक्यात 20 वॅट म्हणजे मध्यभागी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 लाख वॅट. तोच बीम फोकसपासून 23 मिलिमीटर दूर, 1 मिलिमीटर रुंद असताना मोजला तर सुमारे 5,100. चारशेपट फरक! नुसता वॅटचा आकडा विचारणं म्हणूनच निरर्थक आहे, व्यासाशिवाय त्याला अर्थ नाही.

आणि ड्रम फिरण्याचं म्हणाल तर सलग बीमसाठी ते खरं आहे, कारण स्लिट क्षणभरच समोर येते. (ड्रम बंद असताना शटर उघडलं तर मात्र तोही आधार गेला.) पल्समध्ये, म्हणजे प्रकाश सलग न येता ठोक्याठोक्याने येतो तेव्हा, हे चालत नाही. माझा पल्स 100 नॅनोसेकंदांचा. कड सेकंदाला 2 मीटर वेगाने धावत असली तरी तेवढ्यात सरकते 0.2 मायक्रॉन, म्हणजे जागेवरच. स्लिटच्या निकेलमध्ये उष्णता तेवढ्यात जेमतेम दीड मायक्रॉन आत जाते. 20 किलोहर्ट्झला (सेकंदाला 20 हजार पल्स) एका पल्समध्ये 1 मिलिज्यूल, फोकसवर दर चौरस सेंटिमीटरला 100 ज्यूल. एकच पल्स पुरेसा आहे.

माझी स्लिट काळ्या लेपाची होती. परावर्तित प्रकाश आत भटकू नये म्हणून तो लेप असतो, पण काळं बूड लवकर तापतं हे चुलीवर ज्याने भांडं ठेवलंय त्याला सांगायला नको. तांब्याची स्लिटही मिळते, माझ्या लेझरच्या तरंगलांबीला लख्ख तांबं 95 टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतं. पण भांडी बाजारातला चकचकीत तांब्या बोट लागताच कसा डागाळतो ते नाशिककरांना ठाऊक आहे. डाग पडला की तीच जागा आधी तापणार.

दुरुस्तीला सात आठवडे आणि नव्या यंत्राच्या चौथ्या हिश्शाइतका खर्च. वॉरंटी नाकारली, कारण मॅन्युअलमध्ये व्यास आणि पॉवरचा आलेख आहे. तो मागच्या पानावर आहे. ड्रमच्या झाकणावर छापायला किती शाई लागली असती?

आता बीमचा थोडाच भाग प्रोफाइलरकडे जावा म्हणून लेन्सखाली बिनलेपाच्या दोन पाचर काचा (पाचरीसारख्या एका बाजूला निमुळत्या) लावल्यात. प्रत्येकीवरून सुमारे 4 टक्के परततं, म्हणजे एकीवरून दुसरीवर असं दोनदा परतून प्रोफाइलरपर्यंत पोहोचतात 32 मिलिवॅट. उरलेला बीम जाड अॅल्युमिनियमच्या फिनवाल्या ठोकळ्यात जिरतो. खर्च लेन्सच्या दहाव्या भागाइतकाही नाही. काल मोजलं: एक्स 51, वाय 52.