ब्लॅकबिअर्डच्या जहाजाचं लाकडी किट: सांगाडा फक्कड, गोष्ट चुकीची

खोक्यावरच्या चित्रात तीन डोलकाठ्यांच्या 'क्वीन ॲन्स रिव्हेंज'वर कुप्रसिद्ध इंग्रज चाचा एडवर्ड टीच, म्हणजे ब्लॅकबिअर्ड, शेवटची झुंज देतोय. चित्र झकास, पण तोवर हे जहाज उरलंच नव्हतं. जून १७१८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनात, आजच्या ब्यूफोर्टजवळच्या खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. टीच मेला २२ नोव्हेंबरला, ओक्राकोक बेटापाशी. तेव्हा त्याच्याकडे 'ॲडव्हेंचर' नावाचं लहान गलबत होतं. त्याच्यावर चालून आलेल्या ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट मेनार्डच्या दोन्ही गलबतांवर तोफा नव्हत्या, म्हणून त्याने माणसं डेकखाली लपवली. बरेचसे मेले असं समजून टीच मेनार्डच्या गलबतावर चढला आणि अडकला. नंतर टीचचं मुंडकं नाळेपुढच्या, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाच्या, काठीला टांगलं.

आता लाकडाकडे. कणा आणि फासळ्या ३ मिमी प्लायच्या, लेझरने सफाईदार कापलेल्या, खाचा घट्ट. पण पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे प्लाय खोक्यातच वाकतं. सांगाडा जोडण्याआधी कणा दोन-तीन दिवस सपाट वजनाखाली दाबून ठेवा. तेव्हाचा बाक नंतर निघत नाही, त्यावर बाहेरच्या लाकडी पट्ट्या चढल्या की पूर्ण जहाज पिळवटतं. पट्ट्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशाच लावा. एका बाजूच्या पाच सलग लावल्या की कणा तिकडे ओढला जातो. नाळेकडे प्रत्येक पट्टी निमुळती कापावी लागते. माहितीपत्रकात हे एका ओळीत उरकलंय, आणि नवशिक्यांचं किट नेमकं इथेच बिघडतं. फेव्हिकॉल पुरतो. झटपट चिकटणारा गोंद फक्त टोकांना लावा, नाहीतर पट्टी सरकवता येत नाही आणि डाग पॉलिशखालून दिसतो.

दोरा भिकार आहे, तूस सुटतं. तुळशीबागेतून सुती दोरा आणून मेणावरून दोनदा ओढला की काम होतं. बारीक कानशी आणि चिमटे बोहरी आळीत मिळतात, किटमधला चिमटा टाकून द्या.

तोफा चाळीस, साऱ्या एकाच साच्यातल्या. हे खटकतं. १९९६ मध्ये सापडलेल्या अवशेषांतून वेगवेगळ्या मापांच्या, वेगवेगळ्या देशांत ओतलेल्या तोफा वर आल्यात. मुळात हे नांतचं फ्रेंच गुलामवाहू जहाज 'ला कॉन्कॉर्द', नोव्हेंबर १७१७ मध्ये पळवलेलं. जमेल तिथून तोफा आणून चढवल्या होत्या. म्हणून काही नळ्या कानशीने आखूड करा, तोफांचे गाडे मात्र तसेच ठेवा.

पुस्तिकेत पानभर खजिना आहे. पण मे १७१८ मध्ये चार्ल्सटनचं बंदर अडवून टीचने मागितली होती औषधांची पेटी. त्याचा उल्लेखही नाही! जहाज त्याच्या हाती जेमतेम सात महिने होतं, हेही नाही. (त्याच वर्षी मुंबईकर इंग्रज कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. आंग्र्यांनाही ते 'चाचे'च म्हणत. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आणि दर्यालुटारू यांतला फरक लेबल लावणाऱ्याच्या सोयीने पुसला जातो.)

शिंगवाल्या सांगाड्याचा झेंडा तर लावूच नका. त्या काळच्या बातम्यांत काळा, कवटीचा झेंडा आहे, सांगाड्याचा हा नमुना पुढे त्याच्या नावावर चिकटवला गेला. काळं कापड, पांढरा रंग आणि शून्य नंबरचा ब्रश, पंधरा मिनिटांचं काम.

साडेसहा हजारांत लाकूड वसूल होतं. शिडांचं कापड मात्र जाड आहे, तेव्हा शिडं गुंडाळलेलीच बांधा.