जंगलाकडेला पाऊस मोजायचाय: स्वयंचलित केंद्र की साधा पर्जन्यमापक?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या कडेला, एखाद्या पंचायतीची जैवविविधता समिती किंवा कुळागरवाला (सुपारी-नारळाचा बागायतदार) हवामानाची नोंद ठेवायचं मनावर घेतो, तेव्हा पहिला आग्रह असतो स्वयंचलित हवामान केंद्राचा. जैसलमेरकडच्या मरु राष्ट्रीय उद्यानात मीही तेच घेतलं असतं. ३१६२ चौरस किलोमीटरचा पसारा, पाऊस क्वचित. रोज सकाळी माणूस कुठे कुठे पाठवणार? आपल्याकडे अडचण उलटी आहे. पाऊस उदंड, आणि हाकेच्या अंतरावर कुणी ना कुणी राहतंच.

मी दोन्ही वापरलेत. जून-जुलैत झाडोऱ्यात सौर पॅनेल मरगळतं, मोबाइलची रेंज जाते, हे चालवून घेता येतं. मन उडालं ते केंद्राच्या पाऊस गोळा करणाऱ्या नरसाळ्यामुळे. पावसाआधी कुंभारीण माशी भोकात माती भरून ठेवते, नंतर किंदळाची पानं अडकतात. आर्द्रेचा पाऊस असा की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही, आणि पडद्यावर आकडा शून्य! पुढे तुंबलेलं पाणी थेंबथेंब उतरतं, मग बाहेर उघडीप असताना केंद्र रात्रभर रिमझिम झाल्याचं सांगतं. नोंद हुकली तर रकाना कोरा राहावा, म्हणजे निदान कळतं. हा शून्य मात्र कोरडा दिवस म्हणून महिन्याच्या बेरजेत गुपचूप जाऊन बसतो. शिवाय पाऊस मोजणारी आतली पळी दर ०.२ मिमीला भरून कलते; मुसळधार सरीत कलताकलता पाणी निसटतं आणि आकडा थोडा कमीच येतो.

साध्या मापकात कचरा डोळ्यांपुढे असतो, बोटाने काढला की झालं. सकाळी साडेआठला बाटली मोजपात्रात ओतायची, वहीत लिहायचं. चवथीच्या गडबडीत एक सकाळ राहिली तरी पाणी बाटलीतच असतं. ‘दोन दिवसांचं’ अशी नोंद करायची. फक्त बाटली मोठी घ्या. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या मापकात १०० मिमी पावसाचं दोन लिटर पाणी जमतं, आणि घाटाच्या पायथ्याशी एवढा पाऊस एका दिवसातही होतो.

स्वयंचलित केंद्राची एक बाजू मात्र मान्य करावी लागते. तेच १०० मिमी दिवसभरात पडले की तासाभरात, हे वही सांगत नाही. ओहोळ किती झपाट्याने फुगेल, दरड कुठे सुटेल, ते त्यावर ठरतं. आणि उन्हाळ्यात पर्जन्यमापक नुसता उभा असतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात वणवे लागले. अशा दिवसांत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) कधी साफ करायच्या, राखणदार कुठल्या दुपारी फिरवायचे, यासाठी तासातासाचं तापमान आणि आर्द्रता हाताशी असलेली बरी. पण तेवढ्यासाठी सावलीत टांगायचा छोटा तापमान-आर्द्रता लॉगर (आकडे आपोआप नोंदवून ठेवणारं यंत्र) पुरतो, असं माझं मत.

तुमची जागा डोंगरमाथ्यावर, वस्तीपासून लांब असेल तर गोष्ट वेगळी. तिथे केंद्रच घ्या. पण नरसाळं साफ करायला पावसाळाभर दर आठवड्याला कोण जाणार, ते पैसे भरण्याआधी ठरवा. आणि जागा गावालगत असून रोज जाणारा माणूस मिळत असेल, तर मी तरी आधी त्याच्या हाती मोजपात्र आणि वही देईन.