निळं पाणी नितळ करणारी 'औषधी' माती

जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात 'मोफत गुडघेदुखी शिबिर' भरलं होतं. गल्लीतल्या बायकांबरोबर आई गेली आणि ४,८०० रुपयांचा डबा घेऊन आली. आत राखाडी पूड, वर छापलेलं 'मृत समुद्राची औषधी माती'. पैसे गेले ते गेले. पण तिथं दाखवतात तो प्रयोग भल्याभल्यांना पटेल असा आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

ग्लासभर पाण्यात निळ्या रंगाचे दोन थेंब टाकतात. "काकू, हे तुमच्या सांध्यातलं विष समजा." मग चमचाभर माती टाकून ढवळायचं. थोड्या वेळानं गाळ खाली बसतो, वरचं पाणी नितळ. "बघा, सगळं ओढून घेतलं!" बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

यात हातचलाखी नाही, खरी गोम तीच आहे. शोभेच्या माशांच्या दुकानात मेथिलीन ब्ल्यू मिळतं, तसला रंग वापरला की हे हमखास जमतं. त्या रंगावर धन भार असतो आणि मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या मातीच्या पापुद्र्यांवर ऋण. रंग मातीला चिकटतो, माती त्याला घेऊन तळाशी बसते. बी.एस्सी. करणाऱ्या भाच्यानं मंगळवेढ्याच्या रानातलं ढेकूळ कुटून घरी हेच केलं. पाणी तितकंच नितळ! होणारच. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची, याच मॉन्टमोरिलोनाइटनं भरलेली. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते ती त्याच्यामुळंच. पण ग्लासात रंग आणि मातीची थेट गाठ पडते. गुडघ्यावर मधे कातडी आहे, आणि झिजलेला सांधा म्हणजे काही शोषून काढायचा रंग नव्हे.

बरं, माती तरी मृत समुद्राची होती का? त्या समुद्राच्या पाण्यात ३४ टक्क्यांच्या आसपास क्षार, त्यामुळं तिथला चिखलही खारट. आम्ही पूड पाण्यात कालवली, निवळलेलं पाणी ताटलीत घालून गच्चीवर ठेवलं. सोलापूरच्या उन्हात ताटली सुकायला कितीसा वेळ! मिठाचा थर धरायला हवा होता. राहिला धुळीचा पुसट डाग.

गरम लेपानं आईला घटकाभर बरं वाटलं, हे खोटं नाही. मातीतलं पाणी उष्णता धरतं, आणि घट्ट चिखलात ते फिरत नसल्यानं लेप सावकाश निवतो. फिजिओथेरपीवाले जड कापडी हॉट पॅक गरम पाण्यातून काढून टॉवेलात गुंडाळून ठेवतात ना, त्यातही बऱ्याचदा बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटचीच माती असते. म्हणजे आराम शेकण्याचा. मातीची पट्टी गांधीजीही घ्यायचे. माझा राग मातीवर नाहीच.

राग आहे तो दुसऱ्या सल्ल्यावर. "रोज चमचाभर पाण्यातून घ्या, बीपी-शुगरच्या गोळ्या हळूहळू सुटतील." रंग धरणारी माती पोटात औषधही धरून ठेवू शकते, मग गोळी घेऊनही अंगी लागायची नाही. वर शिशाची भीती वेगळी. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बेंटोनाइटच्या एका लेपात शिसं सापडल्यावर लोकांना सावध केलं होतं. आमच्या डब्यावर तपासणीचा उल्लेख सोडाच, बनवणाऱ्याचा पत्ताही नाही. परदेशातून आलेल्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो. मधुमेह, रक्तदाब, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. असं काही घरी आलं असेल तर निदान पोटात घेऊ देऊ नका, आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका.

पावती म्हणाल तर साध्या कागदावर रक्कम आणि एक गिचमिड सही. दिलेला मोबाइल लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली, पण विक्रेत्याचं नाव काय, या पहिल्याच प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. घेताना पक्कं बिल मागायचं ते यासाठी.

परवा बार्शीच्या मावसबहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रक पाठवून विचारलं, "दादा, जाऊ का?" माती या वेळी हिमालयातली आहे. खाली ठळक अक्षरांत: 'प्रात्यक्षिक स्वतः पाहा, मगच पैसे द्या.'