धंतोलीतलं मुलांचं सायकॅट्री क्लिनिक: चार स्टार, पाचवा वेटिंगने खाल्ला

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे, फक्त फी आणि पार्किंग पाहिजे असेल तर सरळ खाली जा.

आमचा मुलगा आठवीत आहे, इंग्लिश मीडियम. शाळेतून सारखे फोन, वर्गात लक्ष नसते, मागच्या बेंचवर बसून टिंगल करून राहिला, वह्या अर्ध्या. आणि घरी म्हणाल तर आवाज नाही, तो भला आणि त्याचा मोबाईल भला. सासऱ्यांचं मत मोबाईल काढून घ्या, मिस्टरांचं मत ट्यूशन बदला, ट्यूशनच्या सरांचं मत पोरगा डोक्याने हुशार आहे पण आळशी आहे. शेवटी शाळेच्या काउन्सेलर मॅडमनीच चाइल्ड सायकॅट्रिस्टला दाखवा म्हटलं तर सासूबाई म्हणे काऊन, माझ्या नातवाला काय मेंटल हॉस्पिटलमध्ये नेता का? नागपुरात हे नाव काढलं की जुन्या लोकांच्या डोळ्यासमोर एकच जागा येते, त्यांचाही दोष नाही बाप्पा. मुलांचा वेगळा मानसोपचारतज्ज्ञ असतो, एमडी झाल्यावर पुन्हा त्यातच ट्रेनिंग घेतात, हे मलाही आत्ताच कळलं.

तर पहिली व्हिजिट. डॉक्टर मॅडमनी आधी आम्हा दोघांना ऐकलं, मग आम्हाला बाहेर बसवलं आणि मुलाशी एकट्याशी बोलल्या, चांगला पाऊण तास. बाहेर मिस्टरांची चुळबुळ चालू, एवढा वेळ काय विचारून राहिल्या म्हणून. त्यानंतर फॉर्म. एक आमच्यासाठी, एक क्लास टीचरसाठी बंद पाकिटात, एक मुलाने स्वतः भरायचा. प्रत्येकात २५ वाक्यं, समोर तीन रकाने, खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. गोळी नाही, औषध नाही, निदान नाही, टीचरचा फॉर्म येऊ द्या मग बोलू. मला तेव्हा रागच आला होता, एवढी फी घेऊन होमवर्क देता का म्हणून.

पण यांचं महिन्यातून एकदा शनिवारी पालकांसाठी सेशन असते, फ्री आहे, ते मात्र चुकवू नका. आम्ही गेलो त्या दिवशी मॅडम मोबाईलचं व्यसन वगैरे सांगतील असं वाटलं तर त्यांनी मायकल रटर नावाच्या माणसाची अख्खी करिअरच उलगडून सांगितली. मॅडम स्वतः रिसर्चमधून आलेल्या, त्यामुळे बोलता बोलता रंगतात, दोन बाबा तर सरळ पेंगले. मला मात्र इंटरेस्ट आला.

हा रटर १९३३ चा जन्म, दुसऱ्या महायुद्धात सात वर्षांचा असताना आईवडिलांना सोडून धाकट्या बहिणीसोबत अमेरिकेत पाठवला गेला. पुढे लंडनला मॉड्स्ली या मानसोपचाराच्या हॉस्पिटलमध्ये आला आणि ब्रिटनमधला चाइल्ड सायकॅट्रीचा पहिला प्रोफेसर झाला. १९६४-६५ मध्ये त्याने आणि त्याच्या टीमने इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट नावाच्या बेटावरची दहा-अकरा वर्षांची सगळीच्या सगळी मुलं घेतली, दोन हजारांच्या वर. दवाखान्यात येणारी नाही हं, सगळी. त्याआधी डॉक्टरांना मुलं कळायची ती फक्त आईबाप घेऊन येतील तेवढीच. यांनी आईबापांना वेगळं विचारलं, शिक्षकांना वेगळं आणि मुलांना समोर बसवून वेगळं, तेही अशा काळात जेव्हा लहान मुलाला स्वतःबद्दल काय सांगता येणार असंच सगळे धरून चालायचे. शंभरात साधारण सहा-सात मुलांना खरोखर त्रास निघाला. आणि मला चमकवणारी गोष्ट ही की आईबापांनी ज्या मुलांची काळजी सांगितली आणि शिक्षकांनी ज्यांची, त्या दोन याद्यांमध्ये नावं फारशी जुळतच नव्हती. खोटं कोणीच बोलत नव्हतं, घरातलं पोरगं आणि वर्गातलं पोरगं वेगळं असू शकते एवढंच. हीच मुलं चौदा-पंधराची झाल्यावर पुन्हा पाहिली तर आतून उदास असलेली बरीच पोरं निघाली ज्यांचा ना घरी पत्ता ना शाळेत.

तर ते पाकिटातले फॉर्म तिथून आलेले आहेत. रटरने पालकांची आणि शिक्षकांची वेगवेगळी प्रश्नावली केली होती, त्यावरून रॉबर्ट गुडमन नावाच्या डॉक्टरने १९९७ मध्ये ही २५ वाक्यांची केली. हे पहिल्याच दिवशी दोन ओळीत सांगितलं असतं तर माझी चिडचिड वाचली असती, हा माझा रिसेप्शनला फीडबॅक आहे.

आमच्या केसमध्ये झालं पण तसंच. टीचरच्या फॉर्ममध्ये चंचल, लक्ष नाही. आमच्यात मित्र कमी, एकटा राहतो. आणि मुलाच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये भीती, पोटात दुखणं, काळजी. एकट्यात त्याने मॅडमना सांगितलं की वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायला लावतात त्याची त्याला रात्रीपासून धास्ती असते, म्हणून तो आधीच काहीतरी टिंगल करतो म्हणजे बाहेर काढतात आणि वाचावं लागत नाही. तेरा वर्षांच्या पोराची ही आयडिया! आम्हाला कोणालाच माहिती नव्हतं.

मग टेस्टिंग. इथे एक गंमत सांगायचीच आहे. बुद्ध्यांकाची जी टेस्ट घेतली ती मालिन साहेबांची, आणि हे ए. जे. मालिन आपल्या नागपूरच्या चाइल्ड गाइडन्स सेंटरचे! अमेरिकेच्या वेक्सलर टेस्टवरून त्यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी ती बसवली. रोजच्या व्यवहारातली समज मोजायची व्हाइनलँड स्केल आहे, तिचं तर नावच देशभर नागपूर अ‍ॅडाप्टेशन म्हणून चालते. संत्र्यांचे बोर्ड लावतो आपण चौकाचौकात, हे कोणाला माहितीच नाही. सायकॉलॉजिस्ट ताई खूप संयमाची होती, ठोकळे, चित्रं, आकडे उलटे म्हणायचे, मुलगा अर्ध्या तासात खुलला. बुद्ध्यांक चांगला, पण वाचनाचा स्पीड खूपच मागे. म्हणजे डिस्लेक्सिया, डोकं चांगलं असूनही वाचन अडते ते. आणि वर त्याचीच अँग्झायटी. रटरच्या बेटावरच्या अभ्यासातही वाचनात असे अडकलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांच्या वागण्याच्या तक्रारी होत्या म्हणे.

गोळ्या लागल्या नाहीत. आठवड्याला रिमेडियल म्हणजे वाचनाचा वेगळा क्लास, भीतीसाठी थोडे सेशन आणि शाळेला एक पत्र, की याला सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. त्या पत्राने जे काम केलं ते दोन वर्षांच्या ट्यूशनने नाही केलं. अजून वाचतो हळूच, मार्कांचं म्हणाल तर इंग्लिशमध्ये पासच्या थोडं वर, पण शाळेचा तो रोजचा फोन थांबला आणि रविवारी तर्रीपोह्याला सोबत येतो आता.

सेशनमधलं अजून एक राहिलं. ऑटिझम (स्वमग्नता) होतो तो आईने माया लावली नाही म्हणून, असं एकेकाळी डॉक्टर लोकच म्हणायचे. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या तपासल्या आणि त्यात आनुवंशिकता जोरात दिसली. नंतर रोमानियातून दत्तक आलेली १६५ मुलं रटरच्या टीमने वर्षानुवर्षं पाहिली, अनाथालयातून सहा महिन्यांची व्हायच्या आत बाहेर पडलेली बहुतेक सावरली, उशिरा निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्रास राहिला. म्हणजे घरचं वातावरण काहीच नाही असंही नाही. माझ्या बाजूला ऑटिझमवाल्या एका मुलाची आई बसली होती, ती जुळ्यांचं ऐकून डोळे पुसून राहिली होती. सासूबाईंना न्यायचं होतं त्या दिवशी, आल्या नाहीत.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट पाचची असेल तर आत जायला साडेसहा धरा, मॅडम प्रत्येकाला वेळ देतात ते ठीक आहे पण मग तेवढेच पेशंट घ्या ना. वेटिंग रूम चिल्लीपिल्ली आणि मोठी पोरं एकत्र, आमचा आठवीतला लाल-निळ्या छोट्या खुर्चीवर गुडघे पोटात घेऊन बसतो. रिसेप्शनवाले मुलाचं पूर्ण नाव घेऊन ओरडतात, हे अजिबात बरोबर नाही, टोकन नंबर द्या. रिमेडियलची टीचर मध्येच बदलली, सांगितलंही नाही. रिपोर्ट सगळा जड इंग्लिशमध्ये, मराठीत एक पान लावायला काय जाते?

फी पहिल्या वेळी बाराशे, फॉलोअपला सातशे, टेस्टिंगचे साडेतीन हजार वेगळे, यूपीआय चालते. एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे आधीच सांगितली की दहावीच्या बोर्डात जास्तीचा वेळ वगैरे सवलत पाहिजे असेल तर त्यांचा रिपोर्ट चालत नाही, सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागते, त्यामुळे नववीतच सुरुवात करा. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी बघा, आणि नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, सरकारी आहे, फ्री आहे.

पार्किंग धंतोलीत विसरा. मेट्रोने या, काँग्रेसनगरला उतरून ऑटो करा. लिफ्ट छोटी आहे, आणि पाण्याची बॉटल घरून आणा.