वाईतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये आरएक्सचं कार्ब ट्यून करून घेतलं, त्याचा अनुभव

गाडी यामाहा आरएक्स 100, 1994 चं मॉडेल, बाबांची. काम कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) क्लीनिंग आणि ट्यूनिंग. मजुरी 400 रुपये, रबर जॉइंट आणि प्लग मी आणून दिला तो खर्च वेगळा. वेळ दीड दिवस. ज्यांच्याकडे अजून कार्बवाली जुनी गाडी आहे त्यांनी हे वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी प्रॉब्लेम काय होता ते सांगतो. गाडी थंड असताना चोक दिला तरी चारपाच किका, चालू झाली की रेस आपोआप वर चढायची, ॲक्सिलरेटर सोडला तरी लवकर खाली यायची नाही आणि सिग्नलला उभं राहिलं की मधेच फट्कन बंद. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली होती (नाव घेत नाही), तिथं पोराने गाडी स्टँडवर घेतली, पेचकस लावून दोन स्क्रू फिरवले, रेस वाढवून दिली आणि झालं म्हणाला. दोन मिनिटांचं काम. चार दिवसांत गाडी परत तशीच, वर ॲव्हरेज पार 30 वर आलं.

या मिस्त्रींची गोष्ट मला आवडली ती ही, की त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. सकाळी गाडी दिली तर आधी प्लग काढून उजेडात धरला आणि मला दाखवला. टोक पांढरंफटक. म्हणाले, "हे बघ, गाडी उपाशी चाललीय, हवा जास्त नि पेट्रोल कमी. टू स्ट्रोक आहे बाळा, अशीच पळवलीस तर पिस्टन धरेल, म्हणजे तापून अडकून बसेल." प्लग काळा नि काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, आणि दुधाच्या चहाचा रंग आला की समजायचं बरोबर आहे. एवढं साधं पण इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग इंजिन चालू ठेवून कार्ब आणि इंजिनच्या मधे जो रबर जॉइंट असतो त्यावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारला (गरम सायलेन्सरवर उडू न देता, ते पेट घेतं), आणि मारल्या मारल्या इंजिनचा आवाज बदलला. जॉइंट काढून वाकवला तर आतल्या बाजूला केसाएवढी चीर!! तिथून फुकटची हवा आत जात होती आणि आधीच्या पोराने ती झाकायला हवेचा स्क्रू (आवळला की हवा कमी होते) पार आत पिळून ठेवलेला. म्हणजे आजार एकीकडे नि औषध भलतीकडे.

कार्ब खोललं तेव्हा खालच्या वाटीत तळाला पाण्याचे थेंब आणि पांढरा चिकट थर. मिस्त्री म्हणाले हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने हे जास्त होतं, इथेनॉल पाणी ओढतं, आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक) गाडी जरा हलकी, म्हणजे पेट्रोल कमी पडल्यासारखी चालते. गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, वाटी रिकामी राहते. जेट त्यांनी तारेने टोकरलं नाही, क्लीनर मारून हवेच्या प्रेशरने साफ केलं, तार घातली की भोक मोठं होतं आणि मग ते जेट फेकायचंच.

दुसऱ्या दिवशी नवीन जॉइंट बसवून खरं ट्यूनिंग. आधी मला गाडी दहा मिनिटं फिरवून आणायला लावली, थंड इंजिनवर सेटिंग करायचंच नाही म्हणाले. मग रेसचा स्क्रू थोडा वर, हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद (जोर लावला तर टोक खराब होतं) आणि तिथून दीड आटा (दीड फेरा) उघडला. पुढे पाव पाव आटा फिरवायचा आणि थांबायचं, अक्षरशः थांबायचं, इंजिनला बदल कळायला वेळ लागतो. जिथं आवाज सगळ्यात वर आणि एकसारखा येतो ती जागा धरायची, रेस खाली घ्यायची, परत एकदा तेच. शेवटी ॲक्सिलरेटर झटकन पिळून सोडायचा. रेस वरच लटकली तर पेट्रोल कमी, एकदम खाली पडून गचके खाल्ले तर जास्त.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आरएक्सचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे म्हणजे तो हवेचा, आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. ज्या गाडीत तो इंजिनच्या बाजूला असतो तिथं उलट, उघडला की पेट्रोल वाढतं. यूट्यूब बघून हेच उलटं करणारे खूप आहेत. आणि हा स्क्रू फक्त स्लो रेस आणि ॲक्सिलरेटरच्या सुरुवातीच्या थोड्या पिळाचा आहे, पुढे ॲक्सिलरेटरबरोबर वरखाली होणारी कार्बमधली सुई आणि मेन जेटचं काम.

मी पसरणी घाटाने पाचगणीला नेऊन आणली. वर हवा विरळ त्यामुळे गाडी थोडी जड (म्हणजे पेट्रोल जास्त झाल्यासारखी) वाटते, धूरही जरा जास्त. पेट्रोल कमी करायला सुईची क्लिप एक खाच वर घेतली तर फरक पडेल का विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "रोज खाली चालवतोस ना, मग सेटिंग खालचंच ठेव, नाहीतर इथं उपाशी चालेल." पटलं.

तक्रारी म्हणाल तर एकटा माणूस, फोन उचलत नाही, नंबर लावून बसावं लागतं, पक्कं बिलही नाही. घाई असेल तर जाऊ नका. पण काम करताना शेजारी उभं राहू देतात आणि विचारलेलं सगळं सांगतात, माझ्यासाठी हे पैशापेक्षा मोठं आहे.

आता तीन आठवडे झाले, सकाळी चोकवर दुसऱ्या किकला चालू, ॲव्हरेज 38 च्या आसपास. काल प्लग काढून बघितला, टोक चहाच्या रंगाचं. बाबांना नेऊन दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि चावी मागून घेतली.