निक पार्क: शिकतानाचा लघुपट आणि हात बसल्यावरचा

‘अ ग्रँड डे आउट’ (1989) हा क्लेच्या (मऊ मातीच्या) बाहुल्यांचा ॲनिमेशन लघुपट ॲनिमेटर निक पार्क यांनी ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये शिकताना, 1982 साली सुरू केला. तो पुरा झाला पुढे आर्डमन या ॲनिमेशन स्टुडिओच्या मदतीने. ‘द राँग ट्राउझर्स’ (1993) मात्र हात बसल्यावरचा, ऑस्कर मिळवलेला. दोन्ही पाठोपाठ पाहावेत.

पहिल्याची गोष्ट एवढीशी: घरातलं चीज संपतं, म्हणून वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट रॉकेट बांधून चंद्रावर जातात. क्लेवर बोटांचे ठसे दिसतात, गती मधेच रेंगाळते. पण ग्रोमिटला बोलतं करायचा बेत याच कामात सुटला. नुसतं कपाळ हलवलं तरी त्याच्या मनातलं सगळं कळतं, हे पार्कना करता करता उमगलं. मला हा शोध फार मोठा वाटतो. या लघुपटालाही ऑस्करचं नामांकन होतं. तो मागे पडला तो पार्क यांच्याच ‘क्रीचर कम्फर्ट्स’ या दुसऱ्या लघुपटापुढे!

दुसऱ्यात तो शोध पुढे जातो. खलनायक पेंग्विनला भुवयाही नाहीत, फक्त मण्यांसारखे डोळे, तरी त्याची धास्ती वाटते. आणि खेळण्यातल्या रेल्वेवरचा तो पाठलाग! धावत्या गाडीपुढे ग्रोमिट भराभर रूळ टाकत जातो, मागची भिंत धूसर होत पळते. एवढं नेमकं टायमिंग पहिल्यात नाही.

कारागिरी पाहायची तर दुसराच. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांना मात्र मी पहिला आधी दाखवेन, ठसे दिसतात तिथे थांबवत.