बडोद्यात इस्टेट एजंट व्हायचंय: बिल्डरकडे नोकरी, दलालाच्या हाताखाली, की स्वतःची पाटी?

बडोद्यात घर-दुकानांच्या दलालीत उतरायचं तर तीन दारं आहेत. बिल्डरच्या साइट ऑफिसात विक्रीची नोकरी, एखाद्या मुरलेल्या दलालाच्या हाताखाली काम, किंवा थेट स्वतःची पाटी. निवडण्याआधी दोन गोष्टी तपासा: कमाई नसताना घर किती महिने चालेल, आणि गुजराती दस्तावेज स्वतःला वाचता येतो का. बोलता येणं वेगळं. दांडिया बाजारात जन्म काढलेला मराठी माणूसही गुजराती सात-बारा समोर आला की अडखळतो.

साइट ऑफिस

भायली, गोत्री, न्यू व्हीआयपी रोड अशा नव्या बांधकामांच्या पट्ट्यात ही नोकरी मिळते. पगार पहिल्या महिन्यापासून, वर बुकिंगमागे इन्सेन्टिव्ह. पगारी माणसाला एजंट म्हणून रेराची (बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाची) वेगळी नोंदणी लागत नाही. इथे हिशेब पक्का होतो. हजार फूट सुपर बिल्टअपमधून (जिना-लॉबीचा वाटा धरलेलं क्षेत्र) कार्पेट (घरातली वापराची जागा) सहाशेच्या घरात निघाला तर नवल नाही, आणि रेरात विक्री कार्पेटवर सांगावी लागते. चालू बांधकामाच्या घराला जीएसटी ५ टक्के. घर ४५ लाखांपर्यंतचं आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का. बी.यू. परवानगी (इमारत वापरायला मिळणारा दाखला) आल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही.

पण मालकीहक्काचे कागद बिल्डरचा वकील बघतो, तुमच्या हाती ब्रोशर येतं. दोन वर्षं उत्तम विक्री करूनही सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या जुन्या व्यवहारांचा तपास) कसा वाचायचा हे न कळणारी मुलं इथेच तयार होतात. शिवाय ग्राहकांची यादी बिल्डरची. नोकरी सुटली की तीही सुटते.

दलालाच्या हाताखाली

इथे पगार नसतो किंवा नावापुरता असतो. वाटणी बहुधा निम्मी-निम्मी. ५० लाखांच्या नव्या फ्लॅटवर १ टक्का दलाली धरली तर ५०,००० रुपये. बिल्डर २ टक्के टीडीएस कापून ४९,००० देतो, तुमच्याकडे २४,५०० येतात. कापलेले हजार रुपये दलालाच्या पॅनवर जमा दिसतात, तुमच्या नाही. त्याचं काय करायचं ते आधीच बोलून घ्या.

शिवाय ही रक्कम बुकिंगच्या दिवशी मिळत नाही. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, म्हणून दलालीही सहसा नोंदणीनंतरच सुटते. मध्ये ग्राहकाचं लोन अडकलं की तुमचेही पैसे अडकले.

भांडणं होतात ती ‘पार्टी कुणाची’ यावरून. ग्राहक तुम्ही आणला पण दुसऱ्या भेटीला दलाल स्वतः गेला, तर वाटा किती? ग्राहकाचं नाव, तारीख आणि वाटा त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरून ‘ठीक’ येईपर्यंत दुसरी भेट ठरवू नका. तोंडी वाटणीवर विसंबणारा नवशिका पहिल्या मोठ्या सौद्यातच दुखावतो.

तरीही कागद शिकायचे तर हीच जागा. रीसेलच्या एका सौद्यात इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), तीस वर्षांचा सर्च, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीची एनओसी असं सगळं हातून जातं. रावपुऱ्यातला जुना वाडा असेल तर पेढीनाम्यातले (वंशावळीतले) सगळे वारस मोजावे लागतात. पुण्याला दिलेल्या आत्याची सही राहिली की सौदा तिथेच थांबतो.

आणि बडोद्यात नवशिक्याला हमखास पाडणारा अशांत धारा. शहराच्या बऱ्याच भागांत स्थावर मालमत्ता विकण्याआधी कलेक्टरची परवानगी लागते. १९९१ चा हा कायदा लागू असलेल्या भागांची यादी वेळोवेळी वाढतही आली आहे. नवशिका बाना (विसार) घेतो, दोन महिन्यांत दस्तावेजाची (विक्रीखताची) बोली करतो, परवानगी येत नाही आणि घेणारी पार्टी बिथरते. जाणता दलाल आधी सर्व्हे नंबर यादीशी ताडून पाहतो आणि बानाखतात (विसाराच्या करारात) मुदत परवानगी मिळाल्याच्या तारखेपासून मोजायला लावतो.

स्वतःची पाटी

नव्या प्रोजेक्टचे फ्लॅट विकायचे तर रेराची नोंदणी आधी. ती नसताना सौदे केले तर दिवसाला १०,००० रुपये दंड, वाढत वाढत विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. भाडं आणि रीसेलला ही सक्ती नाही. म्हणूनच एकट्याने सुरुवात करणाऱ्याने भाड्यापासून करावी. विद्यापीठामुळे फतेहगंज-निझामपुऱ्यात भाडेकरूंची ये-जा वर्षभर असते. दलाली अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे रक्कम छोटी, पण आठवड्याभरात हातात. आज भाडेकरू ठेवणारा घरमालक उद्या घर विकायलाही तुमच्याकडेच येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचं काम तुम्ही करून दिलंत तर नक्कीच.

जमिनीला पहिलं वर्ष हात लावू नका. पादऱ्याकडची स्वस्त शेतजमीन खेडूत खातेदार (नावावर शेती असलेला शेतकरी) नसलेल्याला घेता येत नाही, आणि सात-बारावर ‘नवी शरत’ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर ती विकता येते का, हे आधी तपासावं लागतं.

महिन्याचा हप्ता डोक्यावर असेल तर साइट ऑफिस. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असेल तर दलालाच्या हाताखाली एक वर्ष. आमचं मत याच बाजूचं. वर्षभराची शिल्लक आणि एखाद्या भागात चांगली ओळख, दोन्ही असतील तरच थेट पाटी.

कुठेही बसा, सौद्याची किंमत सांगताना वरचा खर्च पहिल्याच भेटीत सांगा. गुजरातेत मुद्रांक ४.९ टक्के, नोंदणी १ टक्का, आणि जंत्रीचा (सरकारी दरपत्रकाचा) भाव जास्त असेल तर आकारणी जंत्रीवर. ६० लाखांवर २,९४,००० आणि ६०,००० होतात. घेणारी फक्त बाई असेल तर नोंदणीचे ६०,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते. दस्तावेजाच्या आदल्या दिवशी हे कळलेलं कुटुंब तुमच्याकडे पुन्हा येत नाही.